पावाचं मत

कोल्हापुरात ब्रेडला स्वतःचं असं मत नसतं. मिसळीच्या ताटात तो दोन-तीन जाड स्लाइस होऊन एका कडेला गुमान बसलेला असतो आणि आपल्याला इथं कशासाठी बोलावलंय हे त्याला पक्कं ठाऊक असतं. मुंबईच्या मिसळीबरोबर लादी पाव येतो. त्याच्या पाठीवर निदान तपकिरी तकाकी असते, शेजाऱ्यापासून तोडून आणल्याची खूण कडेला असते, म्हणजे त्याला काही पूर्वायुष्य तरी असतं. आमच्या पेटी पावाला तेही नाही. पत्र्याच्या पेटीत भाजायचा, जाड कापायचा, ताटात ठेवायचा. चव विचारली तर तो नम्रपणे कटाकडे बोट दाखवतो. उद्यमनगरात फडतऱ्यांकडे जा, कसबा बावड्याला जा, महाद्वार रोडवर चोरग्यांकडे बसा नाहीतर खासबाग मैदानाच्या अंगाला वळा. कुणाच्या मटकीला मोड चांगले, कुणाच्या कटाला खोबरं जास्त, कुणाचा चिवडा शेवटपर्यंत कुरकुरीत राहतो, यावरून आमच्या पेठांमध्ये भाऊ भावाशी बोलेनासा झाला असेल. पण ब्रेड कुणाचा चांगला यावर मी आजवर कोल्हापुरात वाद ऐकलेला नाही. आणि कोल्हापुरात ज्या गोष्टीवर वाद होत नाही ती गोष्ट नसल्यातच जमा असते.

तरीही त्याच्याशिवाय मिसळ पुरी होत नाही. स्लाइसचा कोपरा कटात टेकवला की लाल तवंग त्याच्यात चढू लागतो. आधी पांढऱ्यावर गुलाबी, मग केशरी, मग विटकरी. एखाद्या शांत माणसाला हळूहळू राग चढावा तसा. पुरता चढायच्या आत तो उचलायचा. लवकर उचलला तर कोरडा, जरा रेंगाळला तर वाटीत बुडाला. ही वेळ कुणी कुणाला शिकवत नाही, ती आमच्या बोटांना जन्मतःच कळते असा आमचा समज आहे. बाहेरगावचा पाहुणा ओळखावा तो इथंच. त्याचा अर्धा स्लाइस कटात तरंगत असतो, आणि नाकाडोळ्यांतून पाणी गाळत तो चमच्यानं त्याचा पाठलाग करत असतो.

या बिचाऱ्या ब्रेडनं एवढी पायरी गाठली हेच मुळात विशेष आहे. आमच्या लहानपणी ब्रेड हे आजाऱ्याचं अन्न होतं. ताप आला की डॉक्टर दूध-ब्रेड सांगायचे, आणि वडील ऑफिसमधून येताना मेणकागदात गुंडाळलेला ब्रेड घेऊन यायचे. तो घरात आला की धाकटी भावंडं आजाऱ्याकडे हेव्यानं बघायची. अमेरिकेत मिसुरीतल्या चिलिकोथी गावी १९२८ साली यंत्रानं कापलेला ब्रेड पहिल्यांदा विक्रीला आला, तेव्हा त्याची केवढी अपूर्वाई झाली होती म्हणे! आपल्याकडे १९६५ साली केंद्र सरकारनं मॉडर्न बेकरीज नावाची कंपनीच काढली, आणि पुढची पस्तीस वर्षं, २००० साली ती खासगी हातांत जाईपर्यंत, टपाल आणि रेल्वेसारखा ब्रेडही थोडाफार सरकारी होता. त्याच्या चेहऱ्यावर मला अजून कधीकधी सरकारी अर्जाच्या कागदाचा भाव दिसतो: चौकोनी, कोरा, दुसऱ्या कुणी भरावा असा. कोल्हापूरनं फक्त एवढंच केलं, की त्याला आजाऱ्याच्या उशापासून उठवलं आणि पैलवानाच्या पंक्तीला नेऊन बसवलं.

अशा या बिनमताच्या ब्रेडच्या गावात गेल्या काही वर्षांत मत असलेला पाव आला आहे. ताराबाई पार्कात, नागाळा पार्कात, राजारामपुरीच्या एखाद्या गल्लीत जुन्या बंगल्याचा दर्शनी भाग काचेचा होतो, दारात कुंड्या येतात, आत पिवळे दिवे लोंबतात आणि काळ्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं असतं: सावरडो, ३६ तास आंबवलेला. हा पाव गोल असतो आणि पाठीवर ब्लेडनं काढलेली नक्षी वागवतो. साल इतकी कडक, की कापताना शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघतात. आत भोकं असतात, लहान-मोठी, बेशिस्त, आणि ती असणं हे त्याच्या मोठेपणाचं लक्षण असतं. हे आमच्या पचनी पडायला जरा जड गेलं. ज्या गावात भोक असलेल्या ब्रेडचे पैसे परत मागितले जातात तिथं कुणी भोकांचेच जास्त पैसे घेऊ लागला तर माणूस आधी बिल उलटून पाहतो. पण युरोपातून काही आणायचं कोल्हापूरला वावडं नाही. शाहू महाराज १९०२ साली विलायतेला गेले, वाटेत रोमचं कलोझियम पाहिलं, आणि त्यातून १९१२ साली खासबागचं कुस्त्यांचं मैदान उभं राहिलं असं गाव अजून अभिमानानं सांगतं. शिवाय २०२५च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोत प्राडानं कोल्हापुरी चपलेसारखी चप्पल मिरवली, आणि इथं मोठा गदारोळ उठल्यावर प्रेरणा भारतातली असल्याचं कबूल केलं. त्यांनी आमची चप्पल नेली, आम्ही त्यांचा पाव आणला. व्यवहार माझ्या मते बरोबरीत सुटला.

आमच्या घरी हा पाव काचेच्या दारातून आला नाही, बरणीतून आला. माझी भाची २०२०च्या टाळेबंदीत बंगळुरूहून लॅपटॉप घेऊन मंगळवार पेठेतल्या घरी राहायला आली. त्या उन्हाळ्यात निम्मं जग घरात कोंडून पाव भाजायला शिकत होतं. दुकानांत यीस्ट मिळेना, तेव्हा यीस्टची पुडी निघण्याआधीही हजारो वर्षं पाव फुगत होता हे लोकांना आठवलं. तिनं एका बरणीत कणीक आणि पाणी कालवून ओट्यावर ठेवलं. पिठातच रानटी यीस्ट असतं आणि दुधाचं दही करणाऱ्या जिवाणूंची भावंडंही असतात. ओल मिळाली की दोन्ही जागी होतात, एक हवा धरतं, दुसरं आंबट करतं. फक्त त्यांना रोज नवं पीठ-पाणी लागतं, उन्हाळ्यात तर दोन वेळा. माझी आई तेव्हा ऐंशी ओलांडलेली. ती दोन दिवस बरणीकडे लांबून बघत होती. तिसऱ्या दिवशी पीठ फुगून झाकणाला लागलं तेव्हा जवळ येऊन म्हणाली, "दोन टाइम खातोय आणि नुसता अंग धरतोय. ह्यो तर पैलवानच की!"

तेव्हापासून बरणीचं नाव पैलवान पडलं. भाचीनं बरणीला रबर लावलं होतं, पीठ कुठवर चढलं ते कळावं म्हणून. आई त्याला छाती मोजणं म्हणायची. "पैलवानाला खुराक दिला का गं?" ही हाक सकाळ-संध्याकाळ ओट्यावरून परसात जाऊ लागली. आमच्या पेठेत हाकेच्या अंतरावर तालमी असल्यामुळे या वाक्याचा दुसरा अर्थ कुणाच्या मनात येण्याचं कारण नव्हतं, आणि शेजारच्या काकूंनी एकदा गॅलरीतून हळूच विचारलंच, की तुमच्याकडे टाळेबंदीत कोण पैलवान उतरलाय, आणि त्याला बदाम-थंडाई कुठनं मिळवता.

खरी पंचाईत पुढं झाली. खुराक देण्याआधी बरणीतलं निम्मं पीठ काढून टाकायचं असतं, नाहीतर पैलवान घराबाहेर पडेल एवढा वाढतो. "काढून टाकायचं? म्हंजे कुठं?" आईनं विचारलं. भाचीनं केराच्या डब्याकडे बोट दाखवलं. बंगालच्या दुष्काळाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या, १९७२चा दुष्काळ आणि रेशनचा लाल मिलो स्वतः पाहिलेल्या बाईला गव्हाचं पीठ रोज केरात टाकायला सांगणं म्हणजे काय, हे त्या पोरीला कसं कळावं! आई काही बोलली नाही. तिनं ते काढलेलं पीठ वाडग्यात घेतलं, त्यात कांदा, मिरची, कोथिंबीर आणि मूठभर बेसन घातलं आणि तव्यावर धिरडी टाकली. आंबूस, जाळीदार धिरडी. त्यानंतर आमच्या घरी सावरडो हा धिरड्यांचा जोडधंदा होऊन बसला. पाव आठवड्यातून एकदा व्हायचा, धिरडी रोज.

जगभर माणसांनी या आंबलेल्या गोळ्यावर काय जीव लावलाय ते भाची मला वाचून दाखवायची. अलास्का-क्लोंडाइकच्या बाजूला सोनं शोधायला गेलेले लोक, १८९६ नंतरच्या त्या धावपळीत, रात्री थंडीनं आंबवण मरू नये म्हणून ते अंगाशी घेऊन झोपत. पुढं तिकडच्या जुन्या मुरलेल्या माणसांनाच सावरडो म्हणू लागले. सॅन फ्रान्सिस्कोत बूदँ बेकरी १८४९ सालापासून एकच आंबवण चालवत आली आहे, आणि १९०६च्या भूकंपात मालकीणबाईंनी दुसरं काही न घेता ते आंबवण बादलीत घालून वाचवलं अशी तिथली कथा आहे. बेल्जियममधल्या सांक्ट फिट गावात तर २०१३पासून आंबवणांचं ग्रंथालय आहे. देशोदेशींच्या शंभरावर बरण्या तिथं थंड कपाटांत नांदतात आणि ठरल्या वेळी त्यांना ज्याच्या-त्याच्या मूळ गावचं पीठ खाऊ घालतात. हे ऐकून आईनं विचारलं, "आणि दंड किती, परत करायला उशीर झाला तर?" गोव्यातले पोदेर पूर्वी माडाच्या सुरेनं पीठ फुगवत हे मी सांगितलं, पण त्यात बादली नाही, भूकंप नाही, म्हणून भाचीवर फारसा परिणाम झाला नाही.

मला मात्र त्या फळ्यावरच्या ३६ तासांचं राहून राहून हसू येई. कारण आमच्या मिसळीचं गणित मी लहानपणापासून पाहिलेलं आहे. रविवारच्या मिसळीची मटकी शुक्रवारी रात्री भिजते. शनिवारी ती उपसून ओल्या फडक्यात बांधतात, रात्रभर मोड येऊ देतात. तिकडे सुकं खोबरं, तीळ, धणे आणि लाल मिरच्या आपापल्या वेळेनं भाजल्या जातात, कांदा-लसणाचं वाटण निघतं, आणि पहाटे चारला कट चुलीवर चढतो. शुक्रवार रात्र ते रविवार सकाळ, मोजून पाहा. तास तेवढेच भरतात. पण मिसळीच्या कुठल्या हॉटेलात तशी पाटी पाहिली आहे? या गावाला कशाचा अभिमान नाही ते विचारा. पैलवानांचा आहे, तांबड्या-पांढऱ्याचा आहे, गुळाचा आहे, चपलेचा आहे, रंकाळ्याच्या वाऱ्याचा आहे, शिव्यांचासुद्धा आहे. आणि यातली एकेक गोष्ट बघा: गूळ म्हणजे गुऱ्हाळावर काहिलीशेजारी तासन्‌तास उभं राहणं, चप्पल म्हणजे कातडं कमावण्यात जाणारे आठवडे, पैलवान म्हणजे तर दहा-बारा वर्षांचं माणूस आंबवणं. सगळी धीराची कामं. पण धीराचा अभिमान धरणं या गावाला कमीपणाचं वाटतं. विचारा मिसळवाल्याला कसं केलंत, तो म्हणेल, "काय न्हाई ओ, असंच."

एकच गोष्ट इथं बिनतासाची मिळते आणि तिचा मात्र कट्टा आहे. गंगावेशीत, मिरजकर तिकटीला म्हशी येऊन उभ्या राहतात, समोर धार काढतात आणि फेसाळ पेला थेट हातात देतात. म्हैस आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये ना आंबवणं, ना तापवणं, ना फळा. भाचीच्या एका बंगळुरूच्या मित्रानं तिथं विचारलं होतं, की यात दुसरा पर्याय आहे का. गवळ्यानं शेजारच्या म्हशीकडे बोट दाखवलं.

वेळ स्वयंपाकघरात ओतायचा आणि टेबलावर वाचवायचा, ही कोल्हापूरची रीत. मिसळ दोन रात्री घेते, पण ती खायला तुम्हाला दहा मिनिटं मिळतात, कारण तुमच्या खुर्चीमागं पुढचा माणूस उभा असतो. तो काही बोलत नाही. फक्त तुमच्या ताटाकडे बघत असतो, आणि तुम्ही जादा कट मागितलात की त्याचा सुस्कारा तुमच्या मानेवर येतो. समोरच्या बाकावर अनोळखी माणसं असतात. लिंबाची फोड इकडून तिकडे जाते, उसाचा दर निघतो, फुटबॉलच्या कालच्या मॅचवरून पाटाकडील की प्रॅक्टिस हे ठरतं, आणि हात धुवायला उठलं की ओळख संपते. मला हे फार आवडतं. पण हे मला कळलं उशिरा, कारण लहानपणी मी मिसळ हॉटेलात बसून खाल्लेलीच नाही. आमच्या पिढीच्या मुली मिसळीच्या हॉटेलात बसत नसत. मोठ्या हॉटेलांतून फॅमिली रूम असे, हिरव्या पडद्याचा एक कोंदट कप्पा. तिथं बसलं की पदार्थांपेक्षा पडदाच जास्त बघावा लागे. मिसळवाल्याकडे तर तेही नव्हतं.

म्हणून रविवारी मिसळ आमच्याकडे यायची. वडील सायकलच्या हँडलला कटाची किटली अडकवून न्यायचे, येताना मटकी डब्यात, फरसाण कागदात आणि कॅरिअरवर ब्रेड. किटली हिंदकळू नये म्हणून ते बिंदू चौकापासून सायकल हातात धरून चालत यायचे. त्यांच्या पँटला एका बाजूनं कायमचा एक लाल ठिपका होता. आई सगळ्यांची ताटं करायची, कांदा चिरायची, कुणाला कट, कुणाला लिंबू, आणि ती स्वतः बसेपर्यंत कटावर तेलाची साय धरलेली असायची. ब्रेडचा तेव्हा कडेचा स्लाइस उरलेला असायचा, एका अंगाला पूर्ण तपकिरी साल असलेला, जो पोरं बाजूला सारतात तो. "मला सालच आवडते," ती म्हणायची. आम्ही ते खरं मानलं. मानायला सोयीचं होतं.

कोण कुठं बसून काय खातं-पितं हा प्रश्न दिसतो तेवढा लहान कधीच नव्हता. १८९०च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये टिळक-रानड्यांसारख्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली, तर केवढं ग्रामण्य झालं, प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. कोल्हापूरनं त्या प्रश्नाला दिलेलं उत्तर मला जास्त जवळचं वाटतं. गंगाराम कांबळे हे दरबारच्या चाकरीतले. वरच्या जातीच्या नोकरांच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना बेदम मार बसला. त्यांना शाहू महाराजांनी स्वतःचा धंदा काढायला लावलं, आणि भाऊसिंगजी रोडवर गंगारामांचं चहाचं हॉटेल उभं राहिलं. गाव काही तिथं चहा प्यायला येईना. मग महाराजांची गाडी हॉटेलसमोर थांबू लागली. महाराज गंगारामांच्या हातचा चहा मागवायचे, स्वतः प्यायचे आणि बरोबरच्या बड्या मंडळींच्या हातातही कप द्यायचे. त्या मंडळींचे चेहरे मी कितीदा तरी डोळ्यांसमोर आणले आहेत. गरम चहा, समोर छत्रपती, मागं सगळा रस्ता बघतोय, आणि थुंकायला जागा नाही. कायदे महाराजांनी पुष्कळ केले. पण एका टपरीवजा हॉटेलापुढं गाडी थांबवून, घोटाघोटानं, भर रस्त्यात केलेला हा कायदा मला त्या सगळ्यांत देखणा वाटतो.

म्हणूनच काचेच्या दाराच्या कॅफेला हसता हसता मी मध्येच थबकते. भाची तिथं एकटी जाते. एक कॉफी मागवते, लॅपटॉप उघडते आणि सकाळ तिथंच घालवते. तिच्या खुर्चीमागं कुणी उभं राहत नाही, तिला पडदा लागत नाही, बरोबर कोण आहे हे कुणी विचारत नाही. शेजारच्या टेबलावरचा माणूस तिच्याशी उसाच्या दराबद्दल बोलत नाही हे खरं, आणि मला ते थोडं रुखरुखतंही. तिथं सगळे एकमेकांपासून हातभर अंतरावर आपापल्या उजेडात बसलेले असतात. पण एका बाईला एका कपावर निवांत बसता येणं हेही काही थोडं नव्हे. फळ्यावर लिहायचंच तर मी पावाचे तास पुसून बसायचे लिहीन.

एकदा आम्ही आईलाही घेऊन गेलो. तिनं नवं इरकल नेसलं होतं. सावरडोचा टोस्ट आला, वर हिरवं काहीतरी फासलेलं. वाढणारा मुलगा अदबीनं म्हणाला, "आजी, साल टाकू नका, खरी चव सालीतच आहे." आईनं साल बोटानं वाजवून पाहिली, लाकडी दारावर टकटक केल्यासारखा आवाज आला. "व्हय बाळा," ती म्हणाली, "जन्मभर सालच खाल्ली. आता कवळीला विचारून सांगते." मग तिनं मधला मऊ भाग सावकाश खाल्ला आणि साल माझ्या बशीत सरकवली. कॉफी अर्धी झाल्यावर तिनं मान वळवून खुर्चीच्या मागं पाहिलं. कुणीच नव्हतं. थोड्या वेळानं पुन्हा पाहिलं. "उठायचं का?" तिनं विचारलं. भाची म्हणाली, "आजी, कुणाला घाई नाही." आईला ते खरं वाटेना. शेवटी ती विसावली, आणि आपल्या सासूबद्दल आम्ही कधीही न ऐकलेली एक लांबलचक, बरीच अन्यायाची आणि फारच मजेदार गोष्ट तिनं आम्हाला सांगितली. अशी गोष्ट सांगायला एवढ्या वर्षांत तिला बहुतेक बसायलाच मिळालं नव्हतं.

परवा भाचीच्या डोक्यात आलं, की दोन्ही घराण्यांची सोयरीक जमवून बघायची. तिनं स्वतः भाजलेला पाव फडक्यात गुंडाळला आणि आम्ही आमच्या नेहमीच्या मिसळवाल्याकडे गेलो. मालक गल्ल्यापाशी उभे असतात. दुकान चालू असताना बसायचं नाही हा त्यांचा नेम. त्यांनी पाव हातात घेऊन वजन केलं, पाठीवरची नक्षी पाहिली, म्हणाले, "कुणी ब्लेड मारलं ह्याला?" मग एक स्लाइस कापून वाटीत टेकवला. कट सालीवर थबकला, विचार केल्यासारखं केलं आणि सरळ एका भोकातून टेबलावर उतरला.

"चवीला बरा हाय," मालक म्हणाले. "पण कट धरत न्हाई."

भाची तयारीनं आली होती. तिनं मधला नको, कडेचा घट्ट भाग कापून दिला आणि म्हणाली, "काका, ह्याला जरा जास्त वेळ ठेवा." त्यांनी ठेवला. मागं रांग चुळबुळत होती. कट चढत चढत सालीपर्यंत गेला, आणि मालकांनी तो तुकडा सालीसकट खाल्ला, काही न बोलता. कोल्हापुरात न बोलता खाणं ही मोठीच गोष्ट.

"आंबवलाय?"

"हो, छत्तीस तास."

"म्हंजे आमच्या मटकीएवढंच की." ते जरा खूश झाले. "आणि दर काय?"

भाचीनं दर सांगितला. मालक शेजारच्या खुर्चीत खाली बसले.

"ओ मालक, बसलासा काय?" रांगेतून आवाज आला. "दोन प्लेट द्या की हिकडं!"

ते उठले, उरलेला पाव परत फडक्यात नीट बांधला, पण भाचीच्या हातात न देता गल्ल्यामागं ठेवला. "ह्यो राहू दे. आमच्या हिला दावतो. मटकी सगळी तिच्या हातची असती, तिला कळंल." मग जरा थांबून म्हणाले, "पुढच्या येळी आणखी एक आण."

"आणते," भाची म्हणाली, "पण काकूंनी बाहेर येऊन, इथं आमच्याबरोबर बसून खायचा. रविवारी आणू?"

मालकांनी रांगेकडे पाहिलं, मग आतल्या दाराकडे पाहिलं, आणि हिशेब केला.

"रविवारी नको," ते म्हणाले. "मंगळवारी आण. गर्दी कमी असती."